पाण्यात थांबलेलं अंडं

“हललं! हललं!” पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि गोदामातली दोन-अडीचशे माणसं एकदम टाचा उंचावून बघायला लागली.

हललं होतं खरं. समोर कापडानं जमिनीपर्यंत झाकलेल्या लाकडी चौथऱ्यावर कमरेइतकं उंच काचेचं नळकांडं होतं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. इतका वेळ त्याच्या तळाशी एक अंडं पडून होतं, साधं कोंबडीचं, पांढरं. टाळांचा गजर कानठळ्या बसवत होता, आणि आता ते तळ सोडून दमादमानं वर यायला लागलं होतं, कुणी बोटही लावलेलं नसताना. वीतभर वर आलं, मग हातभर. आणि बरोबर मध्यावर येऊन थांबलं. ना वर, ना खाली. वरून पाणी काठावरून ओसंडलं आणि खालच्या परातीत टपटप पडू लागलं. माणसांनी हात जोडले. माझ्या शेजारची म्हातारी हुंदके द्यायला लागली.

“आधी काय होतं?” आरंभबुवांनी विचारलं.

“पाणी!” गर्दी म्हणाली.

“पाण्यात काय होतं?”

“अंडं!”

“अंड्यात काय होतं?”

“सगळं!”

“सगळं,” बुवा म्हणाले. त्यांचा आवाज फार छान होता, सायीसारखा. “तारे त्यात होते, समुद्र त्यात होता, तुम्ही-आम्ही त्यात होतो. हजारो वर्षं पंडित भांडतायत, आधी कोंबडी की आधी अंडं. मी म्हणतो, बाबांनो, भांडता कशाला? अंडं माझ्याकडे आहे, येऊन बघून जा!”

लोक हसले. बुवाही हसले. मग त्यांनी एकदम आवाज खाली आणला.

“या अंड्याच्या मध्यावर तुम्हाला पाण्यात एक रेघ दिसेल. धुकट, थरथरणारी. दिसते? तो काळाचा पडदा. त्याच्या पलीकडे आरंभ. आरंभी रोग होता का? नव्हता. रोग नंतर आला. मग रोग जायचा असेल, तर कुठं जायचं?”

“आरंभाकडे!”

“या. आदिजल घ्या.”

रांग लागली. पहिल्या रांगेतून सगळ्यात आधी उठली ती माझी ताई, आणि तिचं बोट धरून माझी भाची.

भाचीला आम्ही घरात मुंगी म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती, आणि चालायला लागल्यावर साखरेचा डबा नेमका शोधून काढायची. नऊ वर्षांची झाली आणि चार महिन्यांत वाळून काडी झाली. रोज रात्री अंथरूण ओलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तो. हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, ते बाहेरून द्यावं लागणार. दिवसातून चार वेळा टोचायचं, जन्मभर.

ताईनं सगळं शिकून घेतलं. पोटावर कुठं टोचायचं, बोटातून रक्त कसं काढायचं, जेवण कसं मोजायचं. भाऊजी ट्रक चालवतात, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्यामुळे टोचणारी ती एकटीच. मुंगी पहिल्या महिन्यात रडायची, मग रडेनाशी झाली. नुसती भिंतीकडे तोंड करून फ्रॉक वर करायची. ताई मला म्हणाली होती, “रडायची तेव्हा बरं होतं गं.”

पण ताईला पोखरत होतं ते वेगळंच. हे झालं कशानं? भेटणारा प्रत्येक माणूस तेच विचारायचा. सासूबाई एकदा बोलून गेल्या, “पोटुशी असताना तुझं गोड खाणं आवरत नव्हतं.” डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं की गोड खाण्याशी याचा काही संबंध नाही. पण सासूबाईंचं वाक्य मनात रुतून बसलं. ताई मागे मागे जात राहायची. सातव्या महिन्यात काय खाल्लं, पाचव्यात कुठं पडले होते, लग्नाच्या आधी कधी कुणाचं वाईट चिंतलं होतं का. तिला या दुखण्याचा आरंभ हवा होता. आणि नेमकं त्याच सुमाराला शहराच्या टोकाला, रिकाम्या गोदामात, आरंभ दाखवणारे बुवा आले.

पूर्वी त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, असं कुणीतरी म्हणत होतं. मी ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग काय झालं? पाण्याजवळच होते ना?”

त्या दिवशी गोदामातून परत येताना आमचं वाजलं.

“तू काहीच मानत नाहीस,” ताई म्हणाली. “बरं, तू सांग. जग कसं सुरू झालं?”

“मला नाही माहीत.”

“बघ! त्यांना माहीत आहे.”

“त्यांना माहीत आहे असं ते म्हणतात.”

“तू तर तेवढंही म्हणत नाहीस.”

आमच्या मधे मुंगी चालत होती. परातीतलं पाणी भरून आणलेली बाटली तिनं तोंडाला लावली होती आणि ती घटाघटा पीत होती.

मी डेअरीत दूध तपासते. पहाटे कॅन येतात, मी प्रत्येकातून मापभर दूध काढून त्यात काचेची नळी सोडते. दूध चांगलं असेल तर नळी ठरल्या रेघेवर तरंगते. पाणी घातलं असेल तर खाली बसते. अकरा वर्षं हेच काम. त्यामुळे भेसळ करणाऱ्यांची डोकी कशी चालतात ते मला घरच्या माणसांपेक्षा चांगलं कळतं. हुशार चोर नुसतं पाणी घालून थांबत नाही, वर मूठभर साखर नाहीतर मीठ घालतो. मिठानं पाणी जड होतं आणि नळी पुन्हा बरोबर रेघेवर येते. अंडं मध्यावर थांबलेलं बघितल्यापासून माझ्या डोक्यात मीठ होतं. पण पुरावा नव्हता. बुवा नळकांड्यात काही टाकत नव्हते, त्यांचे हात सगळा वेळ जोडलेले. आणि आदिजल मी चाखून बघितलं होतं. नळाचं, गोडं पाणी.

पुढच्या आठवड्यात ताई मुंगीला माझ्याकडे सोडून बाजारात गेली. मुंगीचा फ्रॉक निळा होता. त्याच्या बाहीवर आणि पोटावर पांढरे डाग पडले होते, खरखरीत, कडा उठलेल्या.

“हे काय सांडलंस गं?”

“पाणी.”

“पाण्याचे डाग पडतात होय?”

ती जरा घुटमळली. “आईला सांगू नकोस. काल बुवांकडे मला फार तहान लागली होती. रांग मोठी होती. मी मागून चौथऱ्याचं कापड उचलून आत शिरले. तिथं काचेच्या खाली एक तोटी आहे, मी ओंजळ धरली.” तिनं तोंड वाकडं केलं. “थू! नुसतं मीठ. मी सगळं अंगावर थुंकले.”

मी बाहीचा डाग जिभेला लावला. मीठच होतं ते.

मला कसला आनंद झाला म्हणून सांगू! कपाटातून उंच बरणी काढली, तिच्यात नळाचं पाणी भरलं, अंडं सोडलं. अंडं तळाशी गेलं. दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात, विरघळेनासं होईपर्यंत मीठ ढवळलं. सायकलच्या दुकानातून आणलेली बारीक नळी बरणीच्या तळापर्यंत नेली आणि वरून नरसाळ्यानं हळूहळू खारं पाणी सोडायला लागले. खारं पाणी जड, ते गोड्या पाण्याखाली जाऊन बसलं. अंडं खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं आणि गोड्यापेक्षा जड. ते दोन्हींच्या मधल्या हद्दीवर उचललं गेलं. वर यायला लागलं, अगदी बुवांच्या अंड्यासारखं दमादमानं. वरचं गोडं पाणी काठावरून सांडलं. आणि मधे ती रेघ! धुकट, थरथरणारी, काळाचा पडदा म्हणे. दोन पाणी एकमेकांत मिसळतात तिथं तशी रेघ दिसतेच.

“मावशी, भारी!” मुंगी म्हणाली. “अजून पाणी दे ना प्यायला.”

मी तिला पेला भरून दिला. तो तिसरा होता की चौथा, मी मोजला नाही. मी बरणीकडे बघत होते. मीठ कुठून आलं हे मी शोधून काढलं होतं. पोरीला एवढी तहान का लागते, हा प्रश्न मला पडला नाही. ही गोष्ट मी आज सांगतेय ती मुख्यतः एवढ्यासाठी.

ताई आली. मी तिला हात धरून ओट्यापाशी नेलं, बरणीतलं पाणी बदललं, सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. ती पिशव्या हातातच धरून बघत होती. अंडं मध्यावर येऊन थांबलं तेव्हा मला वाटलं, आता ती चिडेल, नाहीतर म्हणेल की तू मीठ घातलंस, ते घालत नाहीत. मी पुढची उत्तरंही तयार ठेवली होती.

तिनं पिशव्या खाली ठेवल्या.

“म्हणजे त्या पाण्यात काही नाही?”

“काही नाही. नळाचं पाणी.”

“मग तिची इंजेक्शनं?”

“इंजेक्शनांचं काय?”

तिनं वाकून पिशव्यांची तोंडं नीट केली.

“ताई, इंजेक्शनांचं काय?”

“बुवा म्हणाले, सुई म्हणजे रोगाला जागा करून देणं. आरंभाकडे जायचं तर एक पाय इकडे ठेवून चालत नाही. आधी अर्धं केलं. काही झालं नाही तिला. चार दिवसांपासून... चार दिवस मी तिला टोचलं नाही. ती हसत होती गं. चार दिवस माझी पोरगी माझ्याकडे तोंड करून झोपली.”

आम्ही दोघींनी वळून बघितलं. मुंगी खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. “पोट दुखतंय,” म्हणाली. मी जवळ गेले. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा गोडूस वास येत होता. मग तिला ओकारी झाली.

रिक्षात ताई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मी मोजत होते, मी पाणी मोजून देत होते.” मुंगी धापा टाकत होती, खोल खोल, जशी कुणी जिना चढून आल्यावर टाकतं. दवाखान्याच्या दारात तिचा हात माझ्या हातातून निसटला, तेव्हा तो थंड होता.

तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी ताईवर ओरडल्या नाहीत, हे मला अजून आठवतं. फक्त एवढंच विचारलं, “शेवटचं इंजेक्शन कधी?” ताईनं खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “खरं सांगितलंत ते बरं झालं. अजून सहा तासांनी आला असता तर मला काही करता आलं नसतं.” रक्त आम्लासारखं झालं होतं, त्या म्हणाल्या. शरीराला साखर वापरता येत नव्हती, म्हणून ते स्वतःचीच चरबी जाळत सुटलं होतं. सारखी तहान, सारखी लघवी, ही त्याची पहिली खूण.

मी बाकावर बसून होते. पहिली खूण मी तीन-चार पेले भरून स्वतःच्या हातानं पाजली होती.

मुंगी वाचली. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडून विचारलं, “मावशी, अंडं वर आलं का?” मी हो म्हणाले आणि बाहेर जाऊन रडले.

त्याच संध्याकाळी गोदामात बुवांचा पुढचा कार्यक्रम होता. मी जायचं ठरवलं. वाटेत कोपऱ्यावरच्या दुकानातून एक अंडं घेतलं आणि काही विचार न करता एक बटाटाही. ताईला सांगितलं नव्हतं. पण गोदामाच्या दारात पोचले तर मागून पावलं वाजली. ताई होती. भाऊजी ट्रकवरून परत येऊन मुंगीजवळ बसले होते, आणि ती चार दिवसांच्या त्याच साडीत माझ्या मागे चालत आली होती.

“मला जाऊ दे पुढे,” ती म्हणाली. “मला पहिल्या रांगेत जागा असते.” मी अंडं आणि बटाटा तिच्या हवाली केला.

अंडं वर आलं. गर्दी ओरडली. आधी काय होतं, पाणी, पाण्यात काय होतं, अंडं. ताई उठली. बुवांना वाटलं ती आदिजलासाठी आली.

“या, माउली. लेकरू कुठं आज?”

“बुवा, मला आरंभाला काही वाहायचं आहे.”

“वाहा. मोकळ्या मनानं वाहा.”

ताईनं पदराआडून दुकानातलं अंडं काढलं आणि पाण्यात सोडलं. ते बुडालं, मध्यापर्यंत गेलं, आणि पहिल्या अंड्याला टक्कर देऊन त्याच्या शेजारी थांबलं. गर्दीत कुजबुज झाली. बुवांनी लगेच दोन्ही हात वर केले.

“पाहिलंत? आरंभ सगळ्यांना सामावून घेतो! एकाची दोन विश्वं!”

मग ताईनं बटाटा सोडला.

बटाटा गेला तो थेट दोन्ही अंड्यांच्या मधे जाऊन बसला. विश्व इकडे, विश्व तिकडे, मधे बटाटा. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अर्धं गोदाम हसलं.

“बुवा,” ताई म्हणाली, “बटाटापण आधी होता का?”

मी पुढे झाले. “पाण्यात खाली मीठ आहे आणि वर गोडं पाणी. म्हणून थांबतं. चौथऱ्यावरचं कापड काढा, म्हणजे मीठ कुठून येतं ते दिसेल.”

“कापडाला हात लावायचा नाही!” बुवा ओरडले. त्यांचा आवाज आता सायीसारखा नव्हता. “खाली विश्वाची नाळ आहे! नाळ उघडी पडली तर अनर्थ होईल!”

गर्दीतून एक जाडजूड माणूस धक्के देत पुढे आला. आमच्या भागातला प्लंबर. त्यानं वाकून कापड उचललं आणि आत डोकावला.

“नाळ कसली? अर्ध्या इंचाचा पाइप आहे. मीच बसवलाय!” तो सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. “मला म्हणाले, बागेला पाणी द्यायचंय. भिंतीमागे उंचावर पिंप ठेवून घेतलंय माझ्याकडून. मी विचारलंसुद्धा, बाग कुठाय?” मग खालच्या आवाजात, कुणालाच उद्देशून नाही असा, म्हणाला, “माझी आई तीन महिने हे पाणी पितेय.”

भिंतीमागे पिंप सापडलं. शेजारी मिठाची पोती. आणि पिंपाच्या तोटीजवळ बसलेला एक चेला, ज्याला गजर सुरू झाला की तोटी सोडायची, एवढंच काम. गजर मोठा का असायचा ते सगळ्यांना आता कळलं. त्याशिवाय पाण्याचा खळखळाट लपला नसता.

तेव्हा ताई लोकांकडे वळली. आयुष्यात ती कधी चार माणसांसमोर बोललेली नाही.

“माझ्या मुलीला मधुमेह आहे. यांनी सांगितलं म्हणून मी तिचं इन्सुलिन बंद केलं. यांनी सांगितलं हे खरं, पण बंद मी केलं. ती मरायला टेकली होती. तुमच्यापैकी कुणी औषध बंद केलं असेल तर आज घरी जाऊन सुरू करा. आज. उद्या नको.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी बुवांना मारायला धावलंही नाही. माणसं खाली मान घालून बाहेर पडली, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती. माझ्या शेजारी त्या दिवशी हुंदके देणारी म्हातारी मला म्हणाली, “आज मीठ घातलं असेल गं त्यांनी. पण पहिल्या दिवशी खरं होतं.” बुवांवर तक्रार झाली, चौकशी चालू आहे. ऐकलंय की दुसऱ्या एका शहरात त्यांची वाट बघणारी माणसं आहेत.

महिनाभरानं तपासणीला गेलो तेव्हा ताईनं डॉक्टरीणबाईंना विचारलंच, “बाई, हे हिला सुरू कशानं झालं?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटतं, एवढं कळलंय. पण हिच्याच का, तेव्हाच का, ते मला माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नाही. शोध चालू आहे. तुमच्या गोड खाण्यानं झालं नाही, हे मात्र नक्की माहीत आहे. आणि आज संध्याकाळी किती युनिट द्यायचे, तेही माहीत आहे.”

ताई रडली. पण आकडा लिहून घेतला. मुंगी अजून भिंतीकडे तोंड करते. ताई आणि मी पूर्वीसारख्या बोलत नाही. मी तिला खरं दाखवलं याबद्दल तिनं मला माफ केलंय की नाही, कुणास ठाऊक. मी स्वतःला केलेलं नाही.

जग कसं सुरू झालं याच्या गोष्टी माणसानं जिथं जिथं चूल मांडली तिथं तिथं सांगितल्या. कुणी म्हणालं अंधार होता, कुणी पाणी, कुणी अंडं, कुणी शब्द. कुणी म्हणालं, आरंभ नव्हताच. आकाशाचा अभ्यास करणारे आज बरंच काही मोजून सांगतात, आणि त्याच्याही आधी काय होतं असं विचारलं तर सरळ म्हणतात, अजून कळलेलं नाही. या सगळ्या गोष्टी मला आवडतात. त्या माणसाच्या कुतूहलाच्या आहेत, त्यांत लाज वाटण्यासारखं काही नाही. माझं भांडण त्या माणसाशी आहे, जो म्हणतो की आरंभ माझ्या बरणीत आहे आणि त्यासाठी तुमच्या लेकराचं औषध सोडा.

असा कुणी भेटला तर त्याला म्हणा, चौथऱ्यावरचं कापड काढा. तो नाही म्हणाला, तर उठा आणि घरी जा. आणि घरातलं कुणी सारखं पाणी मागत असेल, तर आधी त्याच्याकडे बघा.